घरगुती सरावाचे तास

नोटीस आली तेव्हा बाळासो हावळ कांद्याची पात निवडत बसला होता. मोबाइल मांडीवर थरथरला. त्यानं हात लुंगीला पुसले, चष्मा लावला आणि कामगार मंडळाचा निरोप तीनदा वाचला.

विहित उपचार: अंतःकर्ण पुनरुज्जीवन. इंजेक्शन: दोन्ही कान, पूर्ण. घरगुती श्रवण-सराव: अपेक्षित तास एकशे ऐंशी, झालेले तास शून्य. सबळ कारणाशिवाय उपचार न पाळल्यामुळे निर्वाह भत्ता पुढील महिन्यापासून बंद करण्यात येत आहे. म्हणणे मांडायचे असल्यास पंधरा दिवसांत जोडीदारासह समक्ष हजर राहावे.

भत्ता बंद होणार याची भीती त्याला नंतर वाटली. आधी राग आला तो त्या शून्याचा. वीस-पंचवीस तास कमी पडले असते तर त्यानं मुकाट्यानं मान्य केलं असतं. गणपतीत चार दिवस घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. पण शून्य? तीन महिने, रोज संध्याकाळी सहा ते आठ, तो आणि राजश्री समोरासमोर बसून बोलत होते. डॉक्टरांनी सांगितलं म्हणून सत्तावीस वर्षांचा संसार त्यांनी पहिल्यापासून पुन्हा बोलून काढला होता. लग्नात कुणी कुठलं भांडं दिलं आणि त्यातलं कुठलं गळकं निघालं, इथपर्यंत.

राजश्रीनं निरोप वाचला आणि म्हणाली, "मशीन बिघडलं असंल. जाऊन सांगू या की."

"आणि तुझं बोलणं मला कायबी ऐकू येत न्हाई, ते?"

"येईल सावकाश. डॉक्टर म्हणल्यात न्हवं? पात निवडा आधी."

बाळासो इचलकरंजीचा मागवाला. सोळाव्या वर्षी यंत्रमागावर उभा राहिला तो एक्केचाळीसपर्यंत. ज्यांनी मागाचा कारखाना आतून पाहिलेला नाही त्यांना सांगायला हवं, की शंभर माग एकदम चालू असले की शेजारच्याच्या कानात ओरडूनही उपयोग नसतो. म्हणून तिथं कुणी ओरडत नाही. ओठ हलवायचे, लागली तर हाताची जोड द्यायची, आणि चार माग पलीकडच्या माणसाशी निवांत गप्पा मारायच्या. राजश्री त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायला यायची. बाळासोनं तिला लग्नाचं विचारलं ते चार माग पलीकडून, आणि 'आधी दाढी करून या' हे तिचं उत्तरही तिथूनच आलं. मधल्या तिघांनी ते वाचलं. दुसऱ्या दिवशी बाळासोची दाढी बघायला सगळं खातं दारात उभं होतं.

कान हळूहळू गेले. मागाचा पट्टा तुटल्याचा आवाज त्याला आला नाही आणि शेजारच्या मागवाल्याचं बोट गेलं, तेव्हा मालकानं त्याला घरी बसवलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. मधल्या काळात मंडळानं कारखान्यात गेलेले कान हे अपंगत्व मानलं आणि महिन्याचा भत्ता सुरू केला. गल्लीत त्याला कानाची पेन्शन म्हणत. कांड्या भरून राजश्रीचं मनगट कामातून गेल्यापासून घर त्या पेन्शनीवरच चालत होतं. मुलगी सिद्धी पुण्यात नोकरीला. तिचं तिला पुरत होतं.

मग तो शोध लागला. आपल्या आतल्या कानात शंखासारखी वळलेली एक नळी असते आणि तिच्यात केसासारखे तुरे असलेल्या पंधरा-सोळा हजार पेशी असतात. आवाजाच्या लाटेनं तुरे लवतात, की पेशी मेंदूला खबर देतात. वर्षानुवर्षं खडखडाट सोसला की त्या मरतात, आणि माणसात पुन्हा कधी उगवत नाहीत. गंमत अशी, की कोंबडीत उगवतात. बहिरी झालेली कोंबडी महिन्याभरात पुन्हा ऐकायला लागते. माणसाच्या कानातही मेलेल्या पेशींच्या शेजारी आधाराच्या पेशी जिवंत असतात, आणि नवा तुरा काढायची कृती त्यांच्या जनुकांत लिहिलेलीही असते, फक्त जन्माआधीच ती बंद झालेली असते. शास्त्रज्ञांनी एका निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर ती उघडायची किल्ली बसवली आणि कानाच्या पडद्यातून एक थेंब आत सोडला. सहा आठवड्यांत कानात नवं पीक उभं राहिलं.

हे सगळं समजून घ्यायला शास्त्रज्ञांना चाळीस वर्षं लागली. मंडळाच्या हिशेबनिसांना एक दुपार पुरली. ज्याचं अपंगत्व बरं होऊ शकतं त्यानं ते बरं करून घेतलं पाहिजे, असा नियम निघाला. करून घेतलं नाही आणि सबळ कारणही दिलं नाही, तर भत्ता बंद. कागदावर यात काही वावगं नव्हतं. कान फुकट मिळत असताना कोण नको म्हणेल? बाळासोही नको म्हणाला नाही. तो पहिल्याच आठवड्यात रांगेत उभा राहिला.

पण नुसता कान उगवून भागत नाही. अकरा वर्षं मेंदूला कानाकडून काही आलंच नव्हतं, त्यामुळे ऐकण्याच्या जागेत दुसरे भाडेकरू राहायला आले होते: ओठ वाचणारे. त्यांना हलवायचं तर जिवंत बोलणं हवं. ओळखीच्या माणसाचं, समोरासमोर, प्रश्न आणि उत्तर असलेलं. म्हणून रोज दोन तास घरगुती सराव. सरावाच्या वेळी कानात एक मणी घालायचा. कानापर्यंत माणसाचा बोलण्याचा आवाज किती वेळ पोचला हे तो मणी मोजी आणि मंडळाला कळवी. टीव्ही-मोबाइलचा आवाज तो ओळखून वगळत असे. शब्द साठवत नाही, फक्त तास मोजतो, असं मंडळ सांगत होतं.

बाळासोला ऐकू यायला लागलं होतं, यात शंका नव्हती. कुकरची शिट्टी आली तेव्हा तो दचकून उभा राहिला होता. गल्लीतला बायकामाणसांचा आवाज मात्र एकच गलका होऊन येई. कुणाचा कुठला ते लागत नसे. डॉक्टरांचं बोलणं डब्यात बोलल्यासारखं का होईना, येत होतं. एकटी राजश्री समोर बसून दोन-दोन तास बोलायची आणि तिच्याकडून काही म्हणजे काही यायचं नाही. त्यानं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी त्याच्या कानाचा आलेख पाहिला, तो चांगला होता, आणि कागदावर लिहिलं: सराव वाढवा.

मंडळाच्या कार्यालयात मृणाल देशिंगकर नावाच्या अधिकारी होत्या. पस्तिशीच्या, कोल्हापूरहून रोज येणाऱ्या, फायलीतला माणूस समोर आला की जरा अवघडणाऱ्या. दाराशी नरसू कोळेकर नावाचा शिपाई स्टुलावर बसलेला. शिपाई व्हायच्या आधी त्यानं वीस वर्षं माग चालवला होता.

"हावळ, मशीन सांगतंय तुम्ही सराव केला नाही," देशिंगकर म्हणाल्या. बाळासोला समजावं म्हणून त्या सावकाश बोलत होत्या. "मला मशीनच्या विरुद्ध लिहिता येत नाही."

"केलाय मॅडम. रोज दोन तास. आईशपथ." बाळासो बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला.

"मग इथं करून दाखवा. मणी घाला कानात. दहा मिनिटं बोला दोघं. त्या पडद्यावर दिसेल."

भिंतीवरच्या पडद्यावर एक हिरवी रेघ आली. दोघांनी खुर्च्या समोरासमोर ओढल्या. राजश्रीनं पदर सारखा केला, बाळासोकडं बघितलं आणि सुरुवात केली. "ह्या बाईंच्या ओढणीला हळद लागलीय. सकाळपास्नं कुणी सांगितलंबी न्हाई वाटतं."

"तू सांगू नको," बाळासो म्हणाला. "आधी पेन्शन चालू होऊ दे."

"नवरा असंल तर त्यानं तरी सांगायचं."

"नवरे कुठं बघत्यात ओढण्या?"

दाराशी नरसू कोळेकर खो-खो हसला. हसता हसता स्टुलावरून पडायचाच राहिला.

"काय झालं?" देशिंगकरांनी विचारलं.

"काय न्हाई मॅडम. ते आपलं... नवराबायकोचं बोलणं."

"कुठलं बोलणं? अजून कुणी बोललेलंच नाही. मी वाट बघतेय."

नरसूचं हसू थांबलं. त्यानं बाईंकडं बघितलं, मग त्या दोघांकडं, मग पडद्याकडं. हिरवी रेघ सपाट पडलेली होती.

"आईगं," नरसू म्हणाला. "मॅडम, ही दोघं मागावरचं बोलालत्यात. नुसत्या ओठांनी. मलाबी कळलं न्हाई बघा. मला ऐकूच आल्यागत झालं."

देशिंगकरांना समजायला थोडा वेळ लागला. मग त्या राजश्रीकडं वळल्या. "तुम्ही आत्ता काय म्हणालात ते मला सांगा."

राजश्री लाजली. "तुमच्या ओढणीला हळद लागलीय," ती म्हणाली, आणि रेघेनं पडद्यावर उडी मारली.

बाळासो खुर्चीत ताठ झाला. तिच्याकडून आवाज आला होता. शब्द कळले नव्हते, नुसती एक बारीक, खरखरीत गुणगुण; पण ती तिच्या तोंडातून आली होती आणि ओठ त्याच वेळी हलले होते.

आतापर्यंत 'राजश्री म्हणाली' असं जे लिहिलं ते खोटं नाही. ती म्हणतच होती. शेजारणीशी, भाजीवाल्याशी, फोनवर लेकीशी ती चारचौघींसारखी मोठ्यानं बोलायची. नवऱ्याकडं तोंड केलं की घशातला आवाज आपोआप बंद व्हायचा. त्याचंही तिच्यापुढं तसंच. कारखान्यात भेटलेल्या माणसाशी कारखान्यातलंच बोलणं. त्यात आवाज नसतो हे तिच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. चालताना आपण आधी कुठला पाय टाकतो हे कुणाला ठाऊक असतं? आणि डॉक्टरांना, मशीनला, मंडळाच्या तज्ज्ञ समितीला हे विचारायचं सुचलं नाही. समितीत मागवाला नव्हता.

'सबळ कारण' या रकान्यात देशिंगकरांना सहा पर्याय होते. हा त्यांत नव्हता. त्यांनी 'इतर' निवडलं आणि मुदत तीन महिन्यांनी वाढवली.

"मात्र यानंतर वाढ नाही," त्या म्हणाल्या. "तास भरायला हवेत. शेवटी इथंच चाचणी. वीस वाक्यं. जोडीदारानं पाठीमागून वाचायची, तुम्ही ऐकून सांगायची. वळायचं नाही, वळलात तर ते वाक्य बाद. सोळा बरोबर आली पाहिजेत. आली तर भत्ता आणखी दोन वर्षं चालू आणि हलकं काम मिळेल. नाही आली तर उपचार पाळला नाही असं धरून बंद."

घरी येताना राजश्री गप्प होती. म्हणजे ओठही गप्प होते.

पहिली संध्याकाळ फजितीची गेली. मणी घातला, समोर बसले, आणि राजश्रीच्या तोंडून आवाज फुटेना. दोनदा खाकरली, पाणी प्याली. "तोंडावर मोठ्यानं बोलायचं म्हंजे भांडल्यागत वाटतंय," ती ओठांनीच म्हणाली. शेवटी तिनं तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर मोठ्यानं वाचलं, एकादशी-चतुर्थीसकट. मण्यानं सात मिनिटं मोजली.

दुसऱ्या आठवड्यात जरा जमायला लागलं. "आज भाजी कुठली करू?" असं ती शाळेतल्या बाईंसारखी विचारायची आणि उत्तर द्यायला बाळासो तिच्या ओठांकडं बघायचा. आवाज आणि ओठ एकत्र येऊन कधीतरी शब्द लागायचा.

"असा हाय व्हय तुझा आवाज?" एकदा तो म्हणाला.

"कसा?"

"बारीक. मला वाटायचं, जरा भरीव असंल."

राजश्रीला ते झोंबलं. त्या दिवसाची पुढची चाळीस मिनिटं मण्यानं मोजलीच नाहीत.

महिना उलटला आणि एका दुपारी बाळासो खिडकीकडं तोंड करून भुईमुगाच्या शेंगा सोलत होता. सरावाची वेळ नव्हती. मणी डबीत होता. मागं ओट्यापाशी राजश्री भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज त्याला आता चांगला ओळखू यायचा. त्या आवाजाच्या आत दुसरा काहीतरी आवाज होता. बारीक, खरखरीत. त्यानं शेंगा फोडायचं थांबवलं.

"...मोजालास का सोलालास? सिद्धीचा फोन आलता. ये म्हणती पुण्याला, चार महिनं राहा म्हणती. मी न्हाई म्हटलं. तू इचारलंस का एकदा, का न्हाई म्हटलीस म्हणून? तुला वाटतंय मला गल्ली सोडवत न्हाई. मनगट ठणकतंय माझं. भाकरी थापताना जीव जातोय. दिसतंय का तुला? भाकरी गोल आली म्हंजे झालं तुझं..."

बाळासोला पहिल्यांदा वाटलं, घरात दुसरं कुणीतरी आलंय. राजश्री त्याला आयुष्यात कधी अरे-तुरे म्हणाली नव्हती. तो पाण्याला उठायच्या निमित्तानं वळला. तिनं त्याचा चेहरा पाहिला आणि त्याच क्षणी तिचे ओठ हलले, आवाजाशिवाय: "झाल्या काय शेंगा? चहा ठेवू तुम्हांला?"

तो पुन्हा खिडकीशी जाऊन बसला. थोड्या वेळानं मागून आवाज सुरू झाला.

कान गेल्यापासून अकरा वर्षं ती त्याच्या पाठीशी बोलत आली होती. समोर ओठ, मागं आवाज. समोर घर चालवायचं बोलणं, मागं स्वतःचं. त्यात शिव्या होत्या, बऱ्याच आणि निवडक. त्याच्या आईबद्दलचं एक जुनं गाऱ्हाणं होतं, जे ती दर चार दिवसांनी नव्यानं मांडायची. दहावीनंतर नर्सिंगला नंबर लागला होता, गेली नाही, ते होतं. बाळासोला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो पाठमोरा बसू लागला. निवडायला तांदूळ मागून घ्यायचा. बिघडलेला नसलेला पंखा खोलून बसायचा.

ऐकलेलं त्यानं वाया घालवलं नाही. एक दिवस स्वतःहून तिला मनगटाच्या डॉक्टरकडं घेऊन गेला. तिला आवडणारी, जरा महागाची चहापूड आणली. सिद्धीला मेसेज टाकला, आईला पुन्हा एकदा बोलाव म्हणून. राजश्रीनं त्याच्या पाठीला सांगितलं, "बरं सुचाय लागलंय रे तुला अलीकडं. कान आले तशी अक्कलबी आली वाटतं." तो पंख्याच्या पात्यात तोंड घालून हसला.

आता तिला सांगून टाकावं असं त्याच्या मनात आलं होतं, तेवढ्यात एका संध्याकाळी ती भांडी लावता लावता म्हणाली, "लई भीती वाटती बघ मला त्या चाचणीची. न्हाई जमलं तर पेन्शन जाईल म्हणून न्हवं. जमलं तर. तुझी पाठ तेवढी माझी हाय घरात. तिलाबी कान फुटलं, तर मी कुणापाशी बोलू?"

बाळासोनं डबीतून मणी काढून कानात घातला. सराव सुरू झाला आणि तिनं मोठ्यानं विचारलं, "आता ओठ न बघता कळतंय काय हो काही?"

"न्हाई," तो म्हणाला. "ओठ दिसल्याबिगार काय लागत न्हाई."

तिनं निःश्वास सोडला, आणि तो कसला होता हे दोघांनाही नीट सांगता आलं नसतं. चाचणीपर्यंत तो हेच उत्तर देत राहिला. तास मात्र भरले: एकशे ऐंशी, वर अकरा. पेन्शन ठेवायची तर वीस वाक्यं ऐकायला हवीत. ऐकली, तर आजवरचं सगळं ऐकलं हे तिला कळणार. चाचणीच्या दिवशी मोटारसायकलवर बसतानाही त्याचं ठरलेलं नव्हतं.

देशिंगकरांनी त्याला मणी घालायला लावून भिंतीकडं तोंड करून बसवलं. पडद्याच्या कोपऱ्यात गुण दिसत होते. ते खोलीत सगळ्यांनाच दिसत होते. राजश्री चार पावलं मागं, हातात वीस कार्डं घेऊन उभी राहिली.

"सुरू करा."

"बाजारात आज वांगी स्वस्त आहेत," राजश्रीनं वाचलं.

न ऐकल्यासारखं करायचं असं त्यानं त्या क्षणी ठरवलं. पण घरी अकरा वर्षं एक माणूस पाठीमागं बोलत होतं आणि कुणी उत्तर दिलं नव्हतं. "बाजारात आज वांगी स्वस्त आहेत," तो म्हणाला.

पडद्यावर एक आला. मागं कार्डांची जराशी सळसळ झाली.

दुसरं वाक्य त्यानं सांगितलं. तिसरंही सांगितलं. चौथं वाचायला राजश्रीनं इतका वेळ घेतला, की देशिंगकरांनी मान वर करून बघितलं. मग तिनं वाचलं, पण आवाज बदललेला होता. शाळेतल्या बाईंचा आवाज जाऊन तिथं ओट्यापाशीचा आला होता. बाळासोला कळलं, की तिला कळलं.

स आणि श असलेली वाक्यं त्याला जड गेली. नव्या पेशी बारीक आवाजाला अजून कच्च्या होत्या. सातवं चुकलं, अकरावं चुकलं, मग तेरावं आणि सतरावं. एकोणीस वाक्यं झाली तेव्हा पडद्यावर पंधरा होते.

"शेवटचं," देशिंगकर म्हणाल्या. त्यांच्याही आवाजात जरा ताण आला होता. दाराशी नरसू स्टुलावरून उठून उभा राहिला होता. पंधरा म्हणजे काय आणि सोळा म्हणजे काय, हे खोलीतल्या चौघांनाही ठाऊक होतं.

राजश्रीनं कार्ड बघितलं. मग ते इतर कार्डांच्या खाली सारलं.

"दोन महिने ऐकालतास," ती म्हणाली. "एकदा तरी वळून बघायचंस."

शब्द न् शब्द लागला. इतकं स्वच्छ त्याला सोळाव्या वर्षानंतर काही ऐकू आलं नव्हतं. तोंडातून ते वाक्य भिंतीला सांगायचं, की झालं. कार्डावर ते नव्हतं ही गोष्ट वेगळी. देशिंगकरांनी कदाचित तिकडं कानाडोळाही केला असता. दोन वर्षांची पेन्शन, हलकं काम. भिंतीकडं बघत आणखी एकदा उत्तर द्यायचं.

बाळासो वळला.

कोणी काही बोललं नाही. म्हणजे पडद्यावरची रेघ सपाट राहिली. राजश्रीचे ओठ हलले, मग बाळासोचे, मग पुन्हा राजश्रीचे, बराच वेळ. ती रडत होती आणि बोलत होती, आणि त्यात राग होता हेही दिसत होतं.

"काय म्हणतायत?" देशिंगकरांनी हळूच नरसूला विचारलं.

नरसूनं मान दुसरीकडं वळवली. "मला दिसलं न्हाई मॅडम," तो म्हणाला.

देशिंगकरांनी पेन्सिल थोडा वेळ हातात धरली. मग लिहिलं: वीसपैकी पंधरा. शेवटच्या वाक्यास लाभार्थी वळला.

भत्ता बंद झाला. नियम तसाच होता आणि तो पाळला गेला. चाचणीत नापास झालेले कान मशीनच्या लेखी मात्र पूर्ण चालू होते, त्यामुळे जुन्या मालकानं बाळासोला महिन्याभरात कामावर घेतलं. मागांची जात बदललेली होती, आवाज तोच होता. डॉक्टरांनी सांगितलं, की नव्या पेशी जुन्यांहून नाजूक असतात. कारखान्यात उघड्या कानानं वर्षभरही टिकायच्या नाहीत, आणि दुसरं इंजेक्शन मिळत नाही. कानांवर घालायची झाकणं मंडळ देतं का, हे बाळासोनं विचारून पाहिलं. देतं, पण उत्तीर्ण लाभार्थ्यांना. पंचवीस वर्षं त्याचे स्वतःचे कान त्या खडखडाटात उघडे होते, तेव्हा मंडळ ती कुणालाच देत नव्हतं.

कामाच्या पहिल्या दिवशी तो डबा घेऊन दाराशी आला, तर राजश्री चप्पल घालून बाहेरून येत होती. हातात कागदी पिशवी. पिशवीतून तिनं पिवळी, जाडजूड झाकणं काढली. बाजारात तीनशेला मिळाली होती. तिनं ती त्याच्या डोक्यावरून कानांवर बसवली, नीट दाबून पाहिली. मग काहीतरी आठवल्यासारखं उजवं झाकण बोटानं उचललं.

"दिवसभर काढू नकोस," ती मोठ्यानं म्हणाली. शेजारीण वळून बघायला लागली तरी तिनं आवाज खाली आणला नाही. "संध्याकाळी मला लागत्यात ते कान."